कोपऱ्यातली खूण

गेनू, तुझ्या शोकसभेत मी हसलो. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

तेराव्यानंतरच्या रविवारी तळवड्याच्या जुन्या दगडखाणीत, आपल्या रायफल क्लबच्या पत्र्याच्या शेडखाली तीसेक माणसं जमली होती. तुझा फोटो त्या लंगड्या टेबलावर ठेवला होता, ज्याच्या पायाखाली तू दर रविवारी पत्र्याची चकती सरकवायचास. या वेळी ती कोणाला आठवली नाही, त्यामुळे हार घालायला माणूस पुढे आला की फोटो डुगडुगायचा. मग सुभेदार मोरे बोलायला उभे राहिले. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस, चीनच्या लढाईनंतर हा क्लब त्यांनीच उभा केला. ते म्हणाले, "असा हात मी फौजेत सुद्धा पाहिला नाही. गेनूचा हात आयुष्यात एकदाच चुकला. पण असा चुकला, की एकदम चार वेळा चुकला!"

लोक हसले. रायफलींच्या फुकट गेलेल्या चार बॉड्यांची गोष्ट क्लबात सगळ्यांना पाठ आहे आणि ती त्यांनी तुझ्याच तोंडून ऐकलेली आहे. मीही हसलो. मग मान खाली घातली. शेजारी बसलेल्या तात्या सुताराला वाटलं मी रडतोय, त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

तुझा हात चुकला नव्हता. ही गोष्ट दोनच माणसांना माहीत होती, तुझ्या सभेच्या दिवशी एकालाच. घरी बायको आहे, दोन मुलं आहेत, पण हे ज्याच्याशी बोलायचं तो तूच होतास. म्हणून तुलाच लिहितोय.

आपली ओळख कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीतली. तू टूलरूममध्ये, हत्यारं नि साचे घडवणारा, मी वरच्या मजल्यावर ड्रॉइंग ऑफिसात. ऑफिसची माणसं कँटीनच्या पंख्याखाली बसायची आणि मी कडुनिंबाखाली, कारण पंख्याखाली माझी खुर्ची कधी मोकळी नसायची. उघड कोणी काही बोलत नसे, मी आलो की फक्त डबे थोडे आत सरकायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी टेबलावर बसून काम केलं नव्हतं. वडील रोडरोलरच्या मागे, आई बांधकामावर. मी ड्राफ्ट्समन झालो तेव्हा वस्तीतल्या विहारात पेढे वाटले गेले आणि ऑफिसात मात्र माझ्या पहिल्या चुकीची वाट पाहणं सुरू झालं. तू एक दिवस तुझी भाकरी घेऊन समोर येऊन बसलास. म्हणालास, "राव, ह्यो कागुद कसा वाचायचा त्ये शिकवता का? आमी सातवी शिकलो, पर ह्ये काय डोक्यात शिरंना."

आणि मी तुला शिकवलं. ठेच्याने बोटं माखलेली असताना मातीत काडीने रेघा ओढून शिकवलं. एकाच वस्तूची तीन बाजूंनी तीन चित्रं काढायची, हे तुला पटकन कळलं. अडलास तू पुढच्या गोष्टीपाशी. उजव्या बाजूने दिसणारं चित्र कागदावर उजवीकडे मांडायचं की डावीकडे, याच्या जगात दोन पद्धती आहेत आणि आपल्या कंपनीत दोन परदेशी कंपन्यांची ड्रॉइंग येत असल्यामुळे दोन्ही चालायच्या. कोणती पद्धत आहे ते कोपऱ्यातल्या छोट्या खुणेवरून ओळखायचं. दोन वर्तुळं आणि शेजारी टोक कापलेला शंकू, एवढीच ती खूण. शंकू वर्तुळांच्या या अंगाला की त्या अंगाला, त्यावर सगळं अवलंबून. खूण चुकीची वाचली तर वस्तू आरशात दिसते तशी उलटी तयार होते. मी तुला बजावलं होतं, "चित्र नंतर बघ. आधी कोपऱ्यातली खूण बघ." तू ते एवढं मनावर घेतलंस की लग्नाची पत्रिका आली तरी आधी कोपरा बघायचास आणि मला कोपर मारायचास.

क्लबात मला तूच ओढलंस. तिथे सगळ्या छऱ्याच्या रायफली होत्या, दहा मीटरवरचं कागदी कार्ड फोडायच्या. लढाईच्या गोष्टी फक्त सुभेदारांच्या तोंडात. मला नेम धरण्यात एक गोष्ट फार आवडली. श्वास सोडून खटका ओढेपर्यंतच्या त्या दोन क्षणांत कोणी मला कुठून आलास असं विचारत नसे. पण क्लबच्या रायफली पार थकलेल्या होत्या. नळी मध्ये मोडून भरायच्या जातीच्या. मोडून मोडून त्यांच्या नळ्या ढिल्या झाल्या होत्या आणि एकाच माणसाचे दहा छर्रे दहा गावांना जायचे. बाहेरून नव्या मागवायची सोय नव्हती. सुभेदारांकडे एका परदेशी मासिकाचं फाटकं पान होतं, त्यावर नळी न मोडता बाजूच्या लिव्हरने भरायची रायफल होती. ते पान सुभेदार, तात्या, तू आणि मी, आपण चौघांनी इतकं हाताळलं की घडीवर भोक पडलं.

तिथून सुरू झालं ते वेड. दुष्काळाच्या आदलं वर्ष असेल. रायफलीचा मधला लोखंडी भाग, ज्याला पुढे नळी, मागे लाकडी दस्ता आणि खाली खटका बसतो, त्याला आपण नुसतं 'बॉडी' म्हणायचो. नळ्या जुन्या रायफलींच्या वापरता येतील, स्प्रिंगा मिळतील, दस्ता तात्या करील. बॉडी तेवढी नवी पाहिजे. ती मी आखायची आणि तू करायची. एकदा का बॉडी तयार झाली, की तिच्याभोवती ज्याने त्याने आपापली रायफल बांधायची. काय रविवार होते ते! तात्या आपला पॅटर्न शॉपचा सुतार, मालवणकडचा, तोंडाने फटकळ. त्याला शिसवीचा दस्ता हवा होता, अंगठ्यासाठी भोक पाडलेला. सुभेदारांना जड रायफल पाहिजे होती, "बंदूक हातात आहे हे हाताला कळलं पाहिजे." मला नळीच्या टोकावरच्या माशीवरून नेम धरायचा कंटाळा होता, मी दोन भिंगांची दुर्बीण आखत होतो, जी कधीच झाली नसती. आणि तू? तू म्हणायचास, "आपल्याला कायबी नगं. फकस्त खटका असा पायजे, का ओढला का न्हाई ते मलाबी कळू नये." रायफल एकही झालेली नव्हती आणि आपण त्यांच्यासाठी खोळी शिवायला टाकायच्या गप्पा मारत होतो. तात्या म्हणायचा, "मेल्यांनो, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!"

ड्रॉइंग मी सहा आठवडे केलं. ऑफिसचं काम संपल्यावर तास-दीड तास, साहेबांच्या परवानगीने. ट्रेसिंगच्या कापडावर शाईने. तसं देखणं ड्रॉइंग मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. खाली उजव्या कोपऱ्यात दोन रकाने होते, 'काढले' आणि 'तपासले'. 'काढले'पुढे मी सही केली. 'तपासले'पुढे साहेबांची घेतली असती तर त्यांनी दहा खुसपटं काढली असती, म्हणून ते कापड तुझ्यासमोर धरलं. म्हटलं, "मापं तपास आणि सही कर." तू दोन दिवस मापं तपासलीस. हात दोनदा साबणाने धुतलेस आणि मग सही केलीस, ग. बा. काळोखे. कारखान्यातल्या कामगाराची सही त्या रकान्यात आधी कोणी पाहिली नव्हती. तू घरी जाऊन पारूवहिनींना सांगितलंस, "आज म्या सायबाची सही केली." वहिनींना वाटलं तू काहीतरी खोटं करून आलास.

मग मॅनेजरसाहेबांनी दिलेली ती एकच परवानगी. एक रविवार, एक मिलिंग मशीन, भंगारातून रीतसर पावती करून घेतलेला पोलादाचा एक तुकडा. पुन्हा मागायचं नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात तू मला गेटवर गाठलंस, सायकल हातात. विचारलंस, "राव, लिव्हर कुठल्या अंगाला म्हनालात?"

तेव्हा सरळ 'उजव्या' म्हटलं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण मी त्या दिवशी कोणाचं तरी ऐकून घेऊन आलो होतो. तुझ्यावर खेकसलो. "मला काय विचारतोस? कागदाला विचार. एवढं शिकवलं ते कशाला?"

तू हसलास. "ऱ्हायलं," म्हणालास आणि सायकलवर टांग मारलीस.

तू कागदालाच, ट्रेसिंगवरून तुला काढून दिलेल्या कॉपीलाच, विचारलंस. कागदाच्या कोपऱ्यातली खूण बघितलीस, मी शिकवलं तसं. आणि चारही बॉड्या एकाच पकडीत बसवून एकदम कापल्यास. कोणताही चांगला टूलमेकर तेच करतो, म्हणजे चारी सारख्या होतात. नळीसाठी आटे पाडेपर्यंत त्या बॉडीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे सांगता येत नव्हतं, त्यामुळे काही खटकलंही नाही. पुढच्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तू एक बॉडी फडक्यात गुंडाळून कडुनिंबाखाली आलास. भाकरी सोडली नाहीस. "राव, लिव्हर डावीकडं यायलीया. आन् छर्रा घालायची खाचबी. काय तरी इस्कटलंय."

मी वर गेलो. ट्रेसिंग उलगडलं. कोपऱ्यात बघितलं आणि पुन्हा चित्राकडे बघितलं. चित्रं एका पद्धतीची होती आणि खूण दुसऱ्या पद्धतीची. त्या आठवड्यात ऑफिसात दिवसभर दुसऱ्या पद्धतीची ड्रॉइंग करत होतो, हाताला तीच खूण बसली होती. सहा आठवडे जीव ओतून काढलेल्या चित्रावर मी सवयीने, न बघता, नखाएवढी उलटी खूण काढली होती.

आता जे केलं ते सांगतो. ऑफिस शनिवारी लवकर रिकामं व्हायचं. मी दाढीचं पातं घेतलं, ती खूण खरवडली, नखाने घासून कापड गुळगुळीत केलं आणि खरी खूण शाईने काढली. ड्रॉइंगमध्ये काही बदललं तर वर उजवीकडच्या रकान्यात लिहायचं असतं, काय बदललं, कोणी बदललं, कोणी तपासलं. तो आमच्या धंद्याचा धर्म. मी तिथे काही लिहिलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं. मला आठवतंय, शाई वाळावी म्हणून मी त्यावर फुंकर घालत होतो.

का केलं? कारण त्या महिन्यात सीनियरच्या जागेसाठी माझं नाव गेलं होतं. कारण मॅनेजरसाहेब विचारणार होते की चार बॉड्या वाया कशा गेल्या आणि पंख्याखालची माणसं कान टवकारून बसली होती. ही कारणं खरी आहेत, गेनू. पण तू माझ्या जागी असतास तर तू खरवडलं नसतंस, हेही तितकंच खरं आहे.

दुसऱ्या दिवशी शेडखाली मी ट्रेसिंग टेबलावर पसरलं. बोललो काहीच नाही. तेवढाच काय तो माझा पराक्रम, की खोटं तोंडाने बोललो नाही. सुभेदारांनी चष्मा लावून खूण बघितली, चित्र बघितलं, बोटाने बाजू लावून बघितल्या. म्हणाले, "गेनू, ड्रॉइंग तर बरोबर आहे. लिव्हर उजवीकडेच दाखवलीय. तुझी कॉपी कुठाय?"

तू पुढे आलास. ट्रेसिंगवर वाकलास. आणि तुझा अंगठा त्या कोपऱ्यावरून एकदा फिरला. ज्या अंगठ्याला केसाच्या दहाव्या हिश्शाचा खडबडीतपणा कळायचा, त्याला पात्याने खरवडलेलं कापड कळणार नाही? तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. कोणी ओळखीचं दिसलं पण नाव आठवत नाही, अशा वेळी माणूस बघतो, तसं. मी तात्याकडे बघू लागलो.

"कापी तेलात खराब झाली, फेकली म्या," तू म्हणालास. "कागुद बराबर हाय. माजीच नजर चुकली. सही करून चुकलो, आता काय बोलायचं!"

तात्या चिडला. "बारा आण्याचा चष्मा घे की रे मेल्या!" सुभेदारांनी आपली बॉडी उचलली, उजव्या खांद्याला लावल्यासारखी करून डावीकडच्या लिव्हरशी हात नेऊन बघितला. दर छऱ्याला रायफल खाली घ्यावी लागली असती. त्यांनी ती हळूच टेबलावर ठेवली. एवढ्यावर चौघांच्या चार रायफली संपल्या. सोमवारी मॅनेजरसाहेबांसमोर तू एकटाच गेलास.

मी सीनियर झालो. पंख्याखाली मला खुर्ची मिळाली. आणि मी कडुनिंबाखाली यायचं हळूहळू सोडलं. तू वर बघायचास का, मला माहीत नाही. मी खिडकीतून खाली बघायचो. तू एकटा भाकरी खायचास आणि पेपर वाचायचास.

त्या वेळी मला वाटलं होतं की विषय मिटला. सुभेदारांची बॉडी पत्र्याच्या कपाटात गेली, तात्याच्या बॉडीने त्याच्या दुकानात कागद दाबले, माझी मी कुठे टाकली मला आठवत नाही. पण तू तुझी घरी नेलीस. तळवड्याच्या त्या ओसरीवर, वस्तू आवळून धरणारा व्हाइस आणि कानस एवढ्यावर, कामावरून आल्यावर उजेड असेपर्यंत घासत बसायचास. अडीच-तीन वर्षं. दस्ता तात्याने करून दिला, शिव्या देत देत, डाव्या गालाला बसेल असा. आणि एका रविवारी तू ती रायफल घेऊन खाणीत आलास आणि डाव्या खांद्याला लावलीस. जन्मभर उजव्या हाताने जेवलेला, कानस मारलेला माणूस. पहिल्या दिवशी तुझा एकही छर्रा कार्डाला लागला नाही. पोरंसोरं हसली. तू त्यांना म्हणालास, "बॉडी काय बदलत न्हाई. मंग म्हनलं, खांदा बदलू."

चूक भंगारात टाकणं तुला जमत नव्हतं. चार वर्षांत तू डाव्या खांद्यावरून सुभेदारांना हरवायला लागलास. क्लबात तुझं नाव डावऱ्या गेनू पडलं आणि नवीन कोणी विचारलं, की तू स्वतः ती गोष्ट रंगवून सांगायचास. कागद बरोबर, नजर चुकली, चार बॉड्या एका दमात! सांगताना माझ्याकडे बघायचा नाहीस. मला तेव्हा तुझा राग यायचा, खरं सांगतो. वाटायचं, हा मुद्दाम मला टोचतोय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आज वाटतं, ती गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस ती मला कोणी कधी विचारू नये म्हणून. की तसं नव्हतंच? तुला ती गोष्ट सांगायला नुसती मजा यायची? हे आता कोणाला विचारू?

तू मला वाट करून दिली होतीस, एकदा नाही, तीन-चारदा. एकदा आळंदीच्या रस्त्यावर चऱ्होलीपाशी तुझ्या सायकलची साखळी निघाली होती, मी मागून आलो. तू साखळी बसवता बसवता मान न उचलता म्हणालास, "सुधाकरराव, काय बोलायचं ऱ्हायलंय का आपलं?" तुझी बोटं काळी झाली होती. समोर उसाच्या गाड्या चालल्या होत्या. मी म्हटलं, "नाही रे, काय बोलायचं राहणार!" तू पॅन्टला हात पुसलेस. "मंग ठीक हाय." आणि पुढे गेलास. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. त्यानंतर आपण भेटलो की पाऊसपाणी, ओव्हरटाइम, मुलांची शाळा. सगळी मिळून नऊ वर्षं मी तुझ्याशी हवापाण्यावर बोललो.

एक भांडण मात्र आपलं शेवटपर्यंत चालू होतं आणि ते मला प्यारं होतं. मी म्हणायचो, कारागिराने कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, नाहीतर कारखाना चालणार नाही. तू म्हणायचास, "ठिवतो की. पर कागुद काढनारा बी मानूसच असतोय न्हवं?" एवढंच म्हणायचास आणि तंबाखू मळायला लागायचास.

शोकसभेनंतर दोन दिवसांनी पारूवहिनींनी निरोप पाठवला. गेलो. तुझ्या ओसरीवरचा व्हाइस तसाच होता, त्याच्या जबड्यात लाकडाचा एक तुकडा धरून ठेवलेला. वहिनींनी तुझी हत्याराची पेटी पुढे सरकवली. "त्ये म्हनायचे, माज्या मागं पेटी सुधाकर भावजींना द्याची. त्यांनाच कळंल कशात काय हाय त्ये." मी म्हटलं, मी हत्यारं घेऊन काय करू, मी कागदाचा माणूस. त्या म्हणाल्या, "मला काय ठावं? त्यांनी सांगितलं, म्या दिली."

पेटी घरी उघडली. व्हर्निअर, कानशी, तुझं ते नाव कोरलेलं पंच. तळाला तेलकट कापड. त्याखाली चार घड्या घातलेली अमोनिया प्रिंट, ट्रेसिंगची तुझी ती कॉपी. तू फेकलेली. तेलात खराब झालेली. तिच्यावर तेलाचा एक डाग नव्हता.

खालच्या कोपऱ्यात तुझी आणि माझी सही, आणि तिच्या बाजूला माझी ती उलटी खूण. तिच्याभोवती तू निळ्या पेन्सिलीने एक छोटं गोल केलं होतं. शाळेत मास्तर चुकलेल्या अक्षराभोवती करतात तसं. बाकी एक शब्द नाही. त्या रविवारी शेडखाली हा कागद तुझ्या घरात शाबूत होता. सायकलवर दहा मिनिटं. आणून टेबलावर टाकला असतास तर मी त्याच दिवशी संपलो असतो. गेनू, मी त्या पेटीपुढे बसून खूप रडलो. बायको दारात आली आणि परत गेली.

पण मला तुझा रागही आला. ही प्रिंट मला जिवंतपणी का दिली नाहीस? चऱ्होलीच्या रस्त्यावर माझ्या तोंडावर फेकली असतीस तर दोन शिव्या खाऊन मी मोकळा झालो असतो. तू माझी वाट बघत बसलास. मी काही बोलीन, असं तुला नऊ वर्षं वाटत राहिलं का? एवढा शहाणा माणूस तू, मला एवढा चांगला कसा समजलास?

काल रविवार होता. मी ट्रेसिंग आणि प्रिंट दोन्ही घेऊन खाणीत गेलो. टेबलाच्या पायाखाली चकती सरकवली. सुभेदार आणि तात्या दोघे होते. दोन्ही कागद शेजारी शेजारी पसरले आणि या वेळी तोंडाने बोललो. सगळं. पातं, शाई, फुंकर. तात्या ऐकत ऐकत खाली बसला. सुभेदारांनी अंगठा त्या कोपऱ्यावरून फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मी गेनूला दोषी ठरवलं. त्याच्या फोटोसमोर परत ठरवलं. आणि तू खाली बसून हसलास."

मी "हो" म्हटलं.

"आता मला काय सांगतोस? ज्याला सांगायचं तो होता की नऊ वर्षं." त्यांनी काठी घेतली आणि ते निघून गेले. तात्या जाताना एवढंच म्हणाला, "मी त्याला चष्मा घे म्हटलं होतं रे." आणि रडायला लागला. मीही त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, त्याने खांदा काढून घेतला.

मी एकटाच राहिलो. वहिनींनी तुझी रायफल क्लबाला दिली आहे, ती कपाटात आहे. कोणी तिला हात लावत नाही, डाव्या खांद्याचा माणूसच नाही. मी काढली. डाव्या खांद्याला लावली. दस्ता तुझ्या गालाच्या मापाचा, माझ्या गालाला लागतो. दहा छर्रे मारले. एकही कार्डाला लागला नाही. पण तुझा खटका, गेनू! ओढला की नाही ते मलाही कळलं नाही.

मग टेबलावर बसून ट्रेसिंगच्या वरच्या रकान्यात शाईने लिहिलं. बदल पहिला. खूण चुकली होती, ती खरवडून बदलली, कोणाला कळवलं नाही. चूक ड्रॉइंगची, कारागिराची नाही. सही केली, नाव पूर्ण लिहिलं. फुंकर घातली नाही, आपोआप वाळू दिलं. दोन्ही कागद क्लबच्या भिंतीवर लावून आलो आहे, तुझ्या फोटोशेजारी, पोरांना वाचता येतील एवढ्या उंचीवर.

त्या नोंदीपुढे 'तपासले'चा एक रकाना आहे. तो कोरा आहे.